आजोबांचे व्हायोलिन, उघडलेला सांधा आणि मुंबईची हवा : तंतुवाद्यांची दुरुस्ती व निगा

चौथी खुंटी (धागाकर्ता)

गिरगावातील आमच्या इमारतीचा पुनर्विकास होत असल्यामुळे घर रिकामे करावे लागले आणि माळ्यावरून आजोबांचे व्हायोलिन खाली आले. आजोबांच्या पश्चात त्याला कोणी हात लावलेला नव्हता. माझ्या मुलीला व्हायोलिन शिकायचे आहे, म्हणून ते पुन्हा वाजते करावे असे मनात आहे. परंतु आमच्या घरात आता या वाद्याविषयी कळणारे कोणी उरलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

वाद्याची सध्याची अवस्था अशी आहे. खालच्या रुंद भागात डाव्या बाजूला वरची पाटी आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये चार बोटे लांबीची फट पडली असून तिच्यात पोस्टकार्ड सहज सरकते. दोन खुंट्या जागच्या हलत नाहीत आणि उरलेल्या दोन जागी ठरत नाहीत. वाद्य हलवले की आत लाकडाचा एखादा तुकडा खुळखुळतो. घोडी (तारांना खालून उचलून धरणारा लाकडी तुकडा) पेटीत सुटी पडली आहे. गजाचे निम्मे केस मुळाशी कुरतडल्यासारखे तुटले आहेत. एफ-होलमधून (वरच्या पाटीवरच्या f आकाराच्या छिद्रातून) आत पाहिले असता स्ट्रॅडिव्हेरियसचे नाव आणि १७२१ हे साल छापलेले लेबल दिसते. त्यावरून नातेवाइकांमध्ये बरीच खळबळ माजली आहे.

आमच्याकडे नेहमी येणारे सुतार फटीत फेव्हिकॉल भरून, शिकंजे लावून एका दिवसात काम करून देतो म्हणतात. त्यांचा हात चांगला आहे. घरातला देव्हारा त्यांनीच केला आहे. शिवाय वाद्याची चकाकी गेली आहे, तर त्यावर पॉलिश मारून घ्यावे काय, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पार्ल्याचा श्रोता

लेबलाचे आधी सांगून टाकतो, म्हणजे नातेवाइकांना शांतपणे झोप लागेल. लेबलावरचा स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे विख्यात व्हायोलिन-कारागीर आंतोनिओ स्त्रादिवारी. तो १७३७ साली इटलीतील क्रेमोना येथे वारला आणि त्याची आज अस्तित्वात असलेली वाद्ये सुमारे साडेसहाशे आहेत. त्यांतील बहुतेकांचा ठावठिकाणा जाणकारांना ठाऊक असतो. मात्र त्याच्या नावाचे लेबल लावलेली व्हायोलिने जर्मनीतील मार्कनॉयकिर्खन व मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधील मिरकूर या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अक्षरशः गाड्या भरभरून बाहेर पडली. त्यात फसवणुकीचा हेतू नेहमीच होता असे नाही. हे वाद्य त्या घाटावर केलेले आहे, एवढेच पुष्कळदा सांगायचे असे. लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी' किंवा 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असे काही छापले आहे का, ते टॉर्च लावून पाहावे. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले, त्यामुळे असा मजकूर असेल तर वाद्य साधारणपणे त्यानंतरचे समजावे. चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ च्या आधीचे ते असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला.

म्हणून वाद्य टाकाऊ ठरते असे मुळीच नाही. त्या काळातील कारखानदारी व्हायोलिनांतही चांगले जुने लाकूड असते आणि नीट जुळवणी केली तर ती गोड वाजतात.

सरसबंद

मी काही वर्षे एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्या वडीलधाऱ्या कारागिराच्या हाताखाली काम केले आहे, त्या आधारे लिहितो. प्रतिसाद लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

सर्वांत आधी, वाद्यावर ज्या तारा अजून चढलेल्या असतील त्या सैल कराव्यात आणि कोणालाही 'जरा वाजवून बघू' म्हणून तारा ओढू देऊ नयेत. आत जो तुकडा खुळखुळतो आहे तो बहुधा साउंडपोस्ट आहे. ही स्प्रूस लाकडाची सुमारे सहा मिलिमीटर जाडीची गोल काडी असते. ती घोडीच्या पातळ तारेकडील पायाच्या किंचित मागे, वरची पाटी आणि पाठ यांच्यामध्ये केवळ दाबाने उभी असते. ती कधीही चिकटवलेली नसते. व्हायोलिनच्या चार तारांचा एकत्रित ताण वीस किलोच्या पुढे जातो आणि त्यातला मोठा हिस्सा घोडीमार्फत पाटीवर खाली दाबतो. आधाराला पोस्ट नसताना हा दाब आला तर पाटी खचते किंवा नेमक्या त्याच जागी तडकते. पोस्टच्या जागची तडक ही या वाद्याची सर्वांत महागडी दुखापत आहे, कारण ती दुरुस्त करायची तर वरची पाटी पूर्ण उघडून आतून नवे लाकूड बसवावे लागते. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत, एक काढावी आणि तिच्या जागी नवी चढवून मगच दुसरीला हात लावावा, असे जे सांगतात त्याचे कारणही हेच आहे.

आता फटीविषयी. सुतारदादांच्या कौशल्याविषयी शंका नाही, पण हे काम त्यांना देऊ नये. फर्निचरचा सांधा कधीच सुटू नये अशा बेताने केलेला असतो. व्हायोलिनच्या वरच्या पाटीचा सांधा वेळ आली की सुटावा अशा बेताने केलेला असतो. पारंपरिक कारागीर मानेचा आणि पाटीच्या मधल्या जोडाचा सरस (प्राणिज चिकटपदार्थ) दाट घेतात, पण वरची पाटी बसवताना तोच सरस मुद्दाम पातळ करतात. लाकूड हवेतील ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. बाजूच्या पट्ट्या मात्र त्या दिशेने हलत नाहीत. हा ताण कुठेतरी बाहेर पडणार. सांधा कमजोर असेल तर सांधा उघडतो आणि अर्ध्या दिवसाच्या कामात तो पुन्हा बसतो. सांधा लाकडापेक्षा बळकट असेल तर पाटी चिरते. तेव्हा तुमच्या व्हायोलिनची फट ही बिघाड कमी आणि सुटका जास्त आहे.

हे काम प्रत्यक्ष कसे होते तेही सांगतो, म्हणजे कारागिराकडे गेल्यावर काय पाहायचे ते कळेल. जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचे दाणे थंड पाण्यात भिजवून फुगवतात आणि मग पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उकळी येऊ दिली की सरसाची ताकद जाते, म्हणून भांड्यात थर्मामीटर असतो. फटीत आधी पातळ पात्याने कोमट पाणी फिरवून जुना सरस मऊ करून पुसून घेतात. नंतर खोलीतला पंखा बंद करतात. मुंबईत घामाने चिंब होऊन हे काम का करायचे, असे मला सुरुवातीला वाटत असे. कारण असे की वाऱ्याने गरम सरस फटीत पोहोचण्यापूर्वीच गोठून जेलीसारखा होतो आणि मग तो नुसता आत भरलेला दिसतो, धरत नाही. पात्यावर सरस घेऊन तो फटीत ओढतात, कडेने बुच किंवा चामडे लावलेले छोटे लाकडी शिकंजे एकेक करून हलक्या हाताने आवळतात, बाहेर आलेला सरस गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने लगेच टिपून घेतात आणि वाद्य रात्रभर तसेच ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीवर भागत नाही, कारण सरस वाळतो तो आतले पाणी हवेला देऊन, आणि त्या दिवसांत हवाच आधी भरलेली असते.

सांधा आणखी कुठे सुटला आहे का हे तुम्ही घरीही तपासू शकता. तारा सैल असताना वाद्य मानेला धरून बोटाच्या पेराने कडेकडेने हळू टकटक करत जावे. सांधा धरलेला असेल तिथे भरीव, नेटका आवाज येतो; सुटलेला असेल तिथे आवाज फुटतो आणि बारीक खरखर ऐकू येते. दिसणारी फट एक असते आणि ऐकू येणाऱ्या आणखी एक-दोन निघतात, हा नेहमीचा अनुभव आहे.

सागवान

सरसबंद यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. माझा व्यवसाय लाकूडकामाचा आहे. पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे फेव्हिकॉलसारख्याचा, सांधा नीट केला तर शेजारचे लाकूड तुटते पण सांधा सुटत नाही, हे मी रोज पाहतो. सरस ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ पडतो. ज्या शहरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तिथे असा चिकटपदार्थ वापरणे म्हणजे दर वर्षी कारागिराकडे खेटे घालण्याची सोय करणे आहे. क्रेमोनाच्या हवेत जे चालले ते दादरच्या हवेत चालावे असा आग्रह कशासाठी?

सरसबंद

@सागवान, तुम्ही सांधा सुटत नाही आणि लाकूड तुटते हे गुण म्हणून सांगितले आहे. व्हायोलिनच्या बाबतीत नेमका हाच दोष आहे. वरची पाटी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. ती तुटण्यापेक्षा सांधा सुटलेला केव्हाही परवडतो.

आणखी दोन गोष्टी आहेत. पांढरा गोंद सतत ताणाखाली राहिला तर अगदी हळूहळू सरकतो. कपाटात ते जाणवत नाही, पण मानेच्या सांध्यावर चोवीस तास तारांची ओढ असते आणि तिथे केसभर सरकणेही तारांची उंची बिघडवते. दुसरे असे की नवा सरस जुन्या सरसाला धरतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा सांधा आज सहज पुन्हा बसवता येतो. पांढऱ्या गोंदाचा अंश मात्र लाकडाच्या रंध्रांत उरला की त्यावर पुढे कोणताच चिकटपदार्थ नीट बसत नाही. मग तो अंश खरवडावा लागतो, म्हणजे मूळ लाकूडही जाते. पुढच्या माणसाला आपले काम उलगडता आले पाहिजे, हा या धंद्यातला मूळ दंडक आहे, आणि तो पाळला गेला म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीची वाद्ये आज मैफलीत वाजत आहेत. त्यांतील बहुतेकांच्या माना बदलल्या गेल्या आहेत, आतला बास-बार (वरच्या पाटीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) बदलला आहे, पाट्या कितीदा तरी उघडल्या आहेत.

हवेचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, तर या वाद्यांना चाळीस ते साठच्या दरम्यानची मानवते. त्यामुळे इथे सांधे जास्त उघडतात. परंतु त्यावर उपाय वाद्य ठेवण्याच्या पद्धतीत शोधावा, गोंदाच्या डब्यात नव्हे.

सागवान

उलगडता येण्याचा मुद्दा पटला. तथापि पाच-सहा हजारांचे कारखानदारी व्हायोलिन असेल आणि दुरुस्तीलाच तेवढे पैसे पडणार असतील, तर माणूस व्यवहार पाहणारच. तिथे मी अजूनही पांढराच गोंद वापरीन.

राळेचा खडा

मी हिंदुस्थानी पद्धतीने वाजवतो. या चर्चेत पाश्चात्त्य पद्धतीच्या वादकांचीच वाद्ये गृहीत धरली जात आहेत असे वाटले, म्हणून थोडे लिहितो. पं. गजाननबुवा जोशी आणि पं. डी. के. दातार यांच्यासारख्यांनी हे वाद्य आपल्या रागसंगीतात रुजवले, त्याला आता पिढ्या लोटल्या; पण आपल्या बैठकीने त्या वाद्याची झीज वेगळ्या ठिकाणी होते याकडे कारागिरांचे लक्ष वेधावे लागते.

आपण मांडी घालून बसतो, वाद्याचे शीर्ष पायावर टेकते आणि दुसरे टोक छाती-खांद्याशी येते. परिणामी छातीकडच्या कडेला घाम मुरतो आणि सांधा बहुतेक वेळा तिथेच सुटतो. पायाला टेकणारी बाजू घासली जाते, आणि उठता-बसता खुंटीला धक्का लागतो तो निराळाच. मींड आणि घसीट (एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट सरकवत नेणे) सुलभ व्हावी म्हणून बरेच वादक बोटांना खोबरेल लावतात. ते तेल तारेवरून गजाच्या केसांना लावलेल्या राळेच्या भुकटीत मिसळले की काळपट चिकटा तयार होतो, गज तिथे घसरतो आणि आपण उगाच आणखी राळ लावत बसतो. तार स्पिरिटने पुसावी असे सांगितले जाते, पण स्पिरिटचा एक थेंब व्हार्निशवर पडला तरी तिथे कायमचा डाग उठतो. म्हणून खाली जाड फडके पसरून, बोळा नुसता ओलसर करून पुसावे. हातांना लावायच्या सॅनिटायझरमध्येही तेच द्रव्य असते. ते लावून लगेच वाद्य हातात घेण्याची सवय करोनाच्या काळात अनेकांना जडली आणि वाद्यांच्या खांद्यांवरचे व्हार्निश त्यात गेले.

दुसरा मुद्दा स्वरजुळणीचा. पाश्चात्त्य वादकांच्या चार तारा ठरलेल्या स्वरांना बांधलेल्या असतात. आपण षड्ज-पंचमाच्या हिशेबाने लावतो आणि गायकाच्या साथीला बसलो की पट्टीही बदलते. तारा वारंवार वरखाली केल्या की त्यांच्यासोबत घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे (ज्यावर तार बोटाने दाबतात त्या पट्टीकडे) झुकत जातो. घोडीची टेलपीसकडील (तारांची खालची टोके अडकवतात त्या भागाकडील) बाजू पाटीशी काटकोनात आहे ना, हे रोज कडेने पाहावे. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व बोटांनी धरून, वाद्य मांडीवर स्थिर ठेवून अलगद मागे घ्यावी. घोडीच्या खाचांत शिसपेन्सिल फिरवली तर तार सहज सरकते आणि घोडीला ओढत नाही. झुकलेली घोडी महिनोन्महिने तशीच राहिली तर ती वाकते, आणि एक दिवस पाटीवर आपटते. त्या आपटण्यात साउंडपोस्टही पडतो.

ग्रेड तीनची आई

माझा मुलगा ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांची तयारी करतो. त्याच्या नव्या, दुकानातून आणलेल्या व्हायोलिनवर पहिल्या बोटाला सुद्धा खूप जोर लावावा लागतो आणि बोटांना वळ उठतात. शिक्षक म्हणतात सवय होईल. ही दुरुस्तीची बाब आहे की सरावाची?

सरसबंद

ही दुरुस्तीची बाब आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण या कारणाने पुष्कळ मुले शिकणे सोडतात आणि आई-वडिलांना वाटते की मुलाला गोडी नाही.

घोडी कारखान्यातून येते ती कच्ची असते. ती प्रत्येक वाद्यासाठी कापून, तासून बसवावी लागते; स्वस्त वाद्यांवर ती पुष्कळदा तशीच उंच उभी केलेली असते. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर फिंगरबोर्डच्या टोकाशी पातळ ई तार साधारण साडेतीन आणि जाड जी तार साडेपाच मिलिमीटर उंच असावी. लहान मापांत हे अंतर आणखी कमी. पहिल्याच बोटाला त्रास होतो म्हणजे दोष बहुधा खुंट्यांकडील नटमध्येही (तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात त्या छोट्या पट्टीत) आहे: तिथे तार आणि फिंगरबोर्ड यांच्यामध्ये साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, त्याहून जास्त जागा नको. घोडीचे दोन्ही पाय पाटीच्या गोलाईला तंतोतंत बसले पाहिजेत. पायाखाली कागदाची कड शिरत असेल तर ती घोडी बसवलेली नाही, नुसती ठेवलेली आहे. चांगल्या हातांचे हे एका बैठकीचे काम आहे.

चेलोवाली

चेलोविषयी, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातल्या, खुर्चीवर बसून वाजवायच्या मोठ्या वाद्याविषयी, कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. एन.सी.पी.ए. (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून शहरात चेलो शिकू पाहणारी मुले दिसू लागली आहेत, पण या वाद्याच्या अडचणी व्हायोलिनच्या अडचणी मोठ्या करून येतात.

पाटी रुंद असल्यामुळे तिचे फुगणे-आकसणेही मोठे असते. पावसाळ्यात तारा फिंगरबोर्डपासून इतक्या वर जातात की डाव्या अंगठ्याचा सांधा दुखू लागतो, आणि डिसेंबरमध्ये त्याच तारा खाली येऊन फिंगरबोर्डवर खरखरतात. मी दोन घोड्या करून घेतल्या आहेत, पावसाळ्याची ठेंगणी आणि हिवाळ्याची उंच. परदेशातही चेलोवादक असे करतात. घोडी बदलताना तारांचा ताण पूर्ण जाऊ न देण्याची काळजी कारागिराने घ्यायची असते.

दुसरी कटकट वुल्फ नोटची. साधारण ई ते एफ-शार्पच्या आसपास एखाद्या स्वरावर चेलो गुरगुरतो, आवाज थरथरून तुटतो. वाद्य बिघडले असे समजून माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ते परत करायला काढले होते. तो बिघाड नव्हे. वाद्याच्या कायेचा स्वतःचा कंप आणि तारेचा कंप त्या जागी एकमेकांशी झगडतात. घोडी आणि टेलपीस यांच्या मधल्या तारेवर रबर घातलेली पितळेची छोटी नळी बसवून आणि ती मागे-पुढे सरकवून तो बराच आटोक्यात येतो. कधी साउंडपोस्ट किंचित हलवूनही फरक पडतो.

चेलो पाठीवर झोपवू नये, कुशीवर ठेवावा. बंद मोटारीत उन्हात तर कधीच सोडू नये: आतल्या उष्णतेने सरस सुटतो आणि व्हार्निश मऊ होऊन त्यावर पेटीच्या अस्तराची नक्षी उमटते. लोकलने न्यायचा असेल तर दुपारी, लगेजच्या डब्यातून, आणि टणक पेटीतच. चेलो ज्यावर जमिनीला टेकतो तो टाचेचा खिळा लादीवर घसरतो, त्याला खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा मिळतो.

व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) वाजवणारे इथे कोणी असतील तर एवढेच सांगते की व्हायोलाला ठरलेले एक माप नाही, साधारण ३८ ते ४२ सेंटिमीटर असे कसेही असते, त्यामुळे तारा घेताना कायेची लांबी मोजून न्यावी.

कांदेपोहे

चकाकीसाठी साधे फ्रेंच पॉलिश का करू नये? आमच्या जुन्या कपाटाचे रूप त्याने पार पालटले.

सरसबंद

@कांदेपोहे, कपाट वाजत नाही. व्हार्निश हा वाद्याच्या आवाजाचा आणि किमतीचा भाग असतो. फ्रेंच पॉलिशमधला चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो. ते स्पिरिट मूळ व्हार्निश मऊ करून त्यात मिसळते आणि जुना थर पुन्हा वेगळा करता येत नाही. रोज वाजवून झाल्यावर धुतलेल्या जुन्या मलमलीने राळेची भुकटी कोरडी पुसावी. एका फडक्याने तारा आणि गजाचे लाकूड, दुसऱ्याने वाद्य. फडकी अदलाबदल करू नयेत. राळ साचून व्हार्निशला चिकटली असेल तर ते काम कारागिरावर सोडावे.

पार्ल्याचा श्रोता

गजाचे केस कुरतडल्यासारखे तुटले आहेत असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. ती कसर असावी. कार्पेट बीटल म्हणतात त्या भुंग्याच्या अळ्या अंधाऱ्या, न उघडलेल्या पेटीत घोड्याच्या केसांवर पोसतात. व्हायोलिन व गज बाहेर काढून पेटी व्हॅक्यूमने कानाकोपऱ्यांत साफ करावी आणि पेटीला दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे. ऊन पेटीला दाखवायचे, व्हायोलिनला नव्हे.

गजाचे लाकूड मात्र टाकू नये. जुना गज पर्नाम्बुको या ब्राझीलमधील लाकडाचा असू शकतो, आणि त्या झाडाचा व्यापार २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आहे. काडी सरळ असेल, टोक तडकलेले नसेल, तर नवे केस भरून घेणे योग्य ठरते. केस ओल्या हवेत लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. भर पावसाळ्यात भरलेला गज घेऊन डिसेंबरात दिल्लीला गेलेल्या माणसाचा स्क्रू पूर्ण सैल करूनही गज ताणलेलाच राहतो आणि टोक मोडण्याची भीती असते; केस भरणाऱ्याला हे आधी सांगितले तर तो त्या बेताने लांबी ठेवतो.

राळेचा खडा

खुंट्यांचे राहिले. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नये. खुंटी मोडते किंवा खुंट्या बसवलेल्या खोबणीची भिंत चिरते. वाद्याचे शीर्ष बाहेरून मऊ कापडावर टेकवून, खुंटीच्या बारीक टोकावर लाकडी काडी धरून कारागीर हलकेच ठोकतो. सरकणाऱ्या खुंटीला खडू आणि अडखळणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, हा घरचा उपाय चालतो, आणि तयार पेस्टही मिळते. तरीही ठरत नसेल तर खुंटी आणि भोक दोन्ही लंबगोल झालेली असतात, कारण लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. मग दोन्ही पुन्हा एकाच उतारात कातून घ्यावी लागतात. हा उतार तीस मिलिमीटरला एक मिलिमीटर असा असतो.

चौथी खुंटी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुतारदादांना नम्रपणे नकार दिला आहे. लेबलाच्या तळाशी खरोखरच जर्मनीचे नाव निघाले. नातेवाईक आता फिरकत नाहीत. खुळखुळणारा तुकडा साउंडपोस्टच होता. टकटक करून पाहिल्यावर मानेजवळही एक सांधा सुटलेला आढळला. एका जाणत्या कारागिराचा पत्ता मिळाला आहे. त्यांच्याकडे काय विचारावे?

सरसबंद

सांध्याला कोणता सरस वापरता, हे पहिल्यांदा विचारावे आणि उत्तर ऐकण्यापेक्षा भांडे पाहावे. साउंडपोस्ट नवा कापणार की जुनाच उभा करणार, हेही विचारावे. जुना पोस्ट आता आखूड पडत असू शकतो, आणि आखूड पोस्ट हातोडीने ठोकून बसवणाऱ्याकडून वाद्य परत घ्यावे. आपल्याकडे तंबोरा-सतारीचे उत्तम कारागीर आहेत, मिरजेच्या सतारी व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण जव्हारी काढणारा (तंबोरा-सतारीच्या घोडीचा माथा घासून नाद जुळवणारा) हात आणि पोस्ट बसवणारा हात एकच असेल असे धरून चालू नये. मुलीचे वय काय आहे?

चौथी खुंटी (धागाकर्ता)

नऊ पूर्ण.

सरसबंद

मग तिला हे व्हायोलिन आताच देता येणार नाही. हे पूर्ण मापाचे दिसते. या वयाच्या बहुतेक मुलांना अर्धे किंवा फार तर पाऊण माप लागते. हात लांब करून मोजून शिक्षक ठरवतील. मोठे वाद्य लहान हातात दिले की मनगट वाकडे पडते आणि ती खोड पुढे जात नाही.

आजोबांचे वाद्य मात्र दुरुस्त करून घ्यावे आणि पुन्हा माळ्यावर टाकू नये. तारा चढवून, थोड्या उतरवून ठेवाव्यात. पूर्ण सैल करू नयेत, नाहीतर पोस्ट पुन्हा पडेल. पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र असू द्यावे, जेल ओले झाले की तापवून वाळवावे. दिवसभर एसी आणि रात्री उघडी खिडकी अशा खोलीत ठेवण्यापेक्षा एसी नसलेल्या खोलीतील आतल्या भिंतीचे कपाट बरे. महिन्यातून काही वेळा कोणी तरी वाजवावे. घराजवळ शिकणारे एखादे मोठे मूल असेल तर त्याला खुशाल देत जावे.

मुलीसाठी छोटे वाद्य घ्यायला जाल तेव्हा धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जा किंवा आणखी कुठे, पण घोडी तासलेली आहे का ते तिथेच पाहा. नटखाली सरकवण्यासाठी खिशात एक व्हिजिटिंग कार्ड न्या, आणि पैसे देण्यापूर्वी चारही खुंट्या स्वतः फिरवून बघा.